घड्याळ की सात दालने?
एडगर ॲलन पो यांच्या १८४२ सालच्या ‘द मास्क ऑफ द रेड डेथ’ या कथेत मृत्यूच्या अटळतेचे प्रतीक म्हणून आबनुसी (काळ्या लाकडाचे) घड्याळ निवडावे की सात दालने, असा पेच निबंध लिहिणाऱ्या भाचीला पडला आहे. कथेत साथीपासून लपलेला राजपुत्र वेगवेगळ्या रंगांच्या सात दालनांत मुखवट्यांचा नाच भरवतो. पुराव्यात घड्याळ सरस आहे: दर तासाला ठोके पडताच वादक थबकतात, नाच थांबतो, उच्छृंखल चेहरेही पांढरे पडतात, आणि नाद विरताच सारे स्वतःच्याच भित्रेपणाला हसतात. पूर्वेच्या निळ्या दालनापासून पश्चिमेच्या काळ्यापर्यंतचा जन्म-मरणाचा प्रवास मोहक खरा, पण हिरवा किंवा नारिंगी रंग कोणत्या वयाचा, हे कथा सांगत नाही. तिथे अर्थाची ओढाताण होते. छोट्या निबंधाला घड्याळ पुरे. दालने सविस्तर लेखनासाठी राखावीत, आणि घड्याळ काळ्या दालनातच असल्याने तिथे त्याची गाठ पडेलच.