सोफ्यामागची गेरूची भिंत

ठाण्यातील आमच्या सदनिकेत सोफ्यामागची भिंत नऊ वर्षे रिकामीच होती. मध्यंतरी तिच्यावर बाजारातून आणलेले वारली नक्षीचे स्टिकर चिकटवून पाहिले, पण पहिल्याच पावसाळ्यात त्याच्या कडा सुटल्या. शिवाय त्यातल्या सगळ्या बाया एकाच साच्यातल्या, एकीची मान जेवढी कललेली तेवढीच दुसरीची, हे रोज समोर बसून पाहताना फार खटकू लागले. म्हणून यंदा जानेवारीत डहाणू तालुक्यातील दोन चित्रकार भावांना बोलावून भिंतच रंगवून घेतली. त्या कामाला आता आठ महिने झाले आणि त्यात एक अख्खा पावसाळाही येऊन गेला, त्यामुळे त्याविषयी खात्रीने काही लिहिता येईल.

भिंत १० फूट रुंद आणि ७ फूट उंच भरली. चौरस फुटाला २८० रुपयांप्रमाणे रंगासह १९,६०० रुपये झाले. दोन दिवसांचे जेवण आणि मुक्काम आमच्याकडे. ठरलेल्या तारखेपेक्षा ते दोन आठवडे उशिरा आले, कारण पाड्यावर लग्न होते. हा उशीर सोडला तर व्यवहारात कुठेही खोट काढण्यासारखे नव्हते.

वारली घरांत कुडाच्या भिंतीवर शेणमातीचा आणि गेरूचा हात देऊन, तांदळाच्या पिठाच्या पाण्याने आणि टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने चित्र काढतात. पुट्टी मारलेल्या सिमेंटच्या भिंतीवर ते टिकणार नाही, हे धाकट्या भावाने फोनवरच सांगितले होते. त्यामुळे आमच्याकडे गेरूच्या रंगाच्या इमल्शनचे दोन हात आणि त्यावर पांढरा ॲक्रिलिक रंग, असा बेत ठरला. पहिला हात कौलासारखा भडक दिसला, तेव्हा त्याने दुसऱ्या हातात थोडा काळा मिसळला आणि रंग ओला असतानाच चिंध्यांच्या बोळ्याने भिंत टिपत गेला. त्यामुळे पृष्ठभाग हाताने सारवल्यासारखा जरासा ढगाळ झाला. माझ्या मते अर्ध्याहून अधिक शोभा या टिपण्याची आहे. खडूने त्यांनी फक्त तारपा नाचाचे, म्हणजे तारपा या भोपळ्याच्या फुंकवाद्यावरच्या नाचाचे, वेटोळे आखून घेतले, बाकी सारे थेट भिंतीवर. माणसांसाठी बारीक ब्रश वापरला, पण बायकांचे अंबाडे आणि तारप्याच्या भोपळ्यावरचे ठिपके मात्र काडीनेच काढले.

काय काढायचे याची यादी मी आधीच करून ठेवली होती आणि तिच्यात सर्वांत वर लग्नचौक होता, कारण वारल्यांच्या लग्नात पुजल्या जाणाऱ्या पालघाट देवीचा तो नक्षीदार चौक पुष्कळ ठिकाणी पाहिलेला. थोरल्या भावाने चहाचा कप खाली ठेवला आणि शांतपणे विचारले, ‘‘तो लग्नाच्या घरात, सवाशिणींनी काढायचा असतो. तुमच्याकडं लग्न आहे का?’’ लग्न नव्हते, त्यामुळे चौकाचा विषय तिथेच संपला. असा नकार देणारा कारागीर मला मागेल ते काढून देणाऱ्यापेक्षा अधिक भरवशाचा वाटतो.

मग आमच्या माणगावच्या घराकडे वळलो. रहाटाची विहीर, आजीचे जाते, एसीच्या बाहेरच्या यंत्रावर झोपणारी शेजारची मांजर आणि वडिलांची लुना. लुना वारली चित्रात शोभेल का, अशी मला शंका होती. तीही थोरल्यानेच दूर केली: गंजाडचे जिव्या सोमा मशे, ज्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांनी ही कला लग्नविधीच्या भिंतीवरून कागदावर आणि कॅनव्हासवर नेली, रोजचे जगणे चितारले आणि बायकांच्या हातातले हे काम पुरुषही करू लागले. तरी लुनेने तीन प्रयत्न घेतलेच. दोन त्रिकोणांचा माणूस तिच्यावर बसवला की तो बकरीवर बसल्यासारखा दिसे. अखेर हँडल लांबवल्यावर आणि मागे दुधाची किटली टांगल्यावर वडील ओळखू आले. घरी येणारा प्रत्येक पाहुणा आधी तिकडेच बोट दाखवतो.

आता उणिवा. सोफ्याला डोके टेकते तिथे तेलाने पांढरा रंग पिवळसर झाला आहे. त्यांनी वरून चमक नसलेला पारदर्शक थर सुचवला होता. तो ट्यूबलाइटखाली चकाकेल या धास्तीने मी नको म्हटले, ती चूक माझी. दुसरी उणीव ओलीची. उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात जुलैमध्ये तळहाताएवढे पोपडे आले आणि चार शेळ्यांचे पाय गळून पडले. पलीकडे न्हाणीघराचा नळ आहे. भिंत कोरडी असल्याची ग्वाही आमच्या नेहमीच्या रंगाऱ्याने दिली होती, आणि ‘‘एक पावसाळा भिंत बघा, मग बोलवा,’’ असे या भावांनी सांगूनही मी त्याचेच ऐकले. असे काम करवून घेणाऱ्याने आतल्या बाजूला न्हाणीघर असलेली भिंत टाळावी किंवा निदान खालचा फूटभर पट्टा चित्राविना सोडावा.

शेळ्यांचे पाय काढायला धाकटा भाऊ दिवाळीनंतर येणार आहे. ६०० रुपये आणि जाण्यायेण्याचे भाडे ठरले आहे. फक्त आधी नळ दुरुस्त झाल्याचा फोटो पाठवा, अशी त्याची अट आहे.