नागपुरात राहून मेडिकेअर पार्ट बी चालू ठेवायचं का? आमचा वापरानंतरचा अनुभव

जानेवारी २०२६चं सोशल सिक्युरिटी (अमेरिकेचं सरकारी पेन्शन) जमा झालं आणि बघते तर त्यातून होणारी पार्ट बीची, म्हणजे मेडिकेअर या तिथल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्यातल्या डॉक्टर-तपासण्यांच्या भागाची, कपात माणशी १८५ डॉलरवरून २०२.९० झालेली. दोघांचे मिळून महिन्याला चारशेच्या वर, म्हणजे आपले ३५ हजारांच्या पुढे! आणि राहतो कुठे तर बजाजनगरला, जिथे या कार्डावर बीपीची एक गोळी मिळत नाही. तिकडून रिटायर होऊन परत आलेले बरेच जण हेच विचारून राहिले आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

पार्ट ए, म्हणजे हॉस्पिटलमध्ये भरती व्हायचा भाग, त्याबद्दल तक्रार नाही, ४० क्वार्टर (दहा वर्षं) काम झालं असलं की त्याला हप्ता नाही, राहू द्या तो. माझा राग आहे तो पार्ट बीवर. पावसाळा संपता संपता ह्यांच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, रामदासपेठेत. काउंटरवरच्या मुलीने ते लाल-निळं कागदी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "काकू, याचा टीपीए कोणता?" म्हणजे विम्याचे दावे बघणारी कंपनी कोणती. काय सांगणार तिला. अमेरिकेबाहेरच्या उपचाराचे पैसे मेडिकेअर देतच नाही, दोन-चार अपवाद आहेत ते कॅनडातून अलास्काला जाताना इमर्जन्सी आली वगैरे, आपल्या कामाचे नाहीत. कोणी म्हणतं मेडिगॅप (मेडिकेअरवरची खाजगी पूरक पॉलिसी) घ्या, त्यात फॉरेन ट्रॅव्हल इमर्जन्सी असते. असते, पण ट्रिपच्या पहिल्या ६० दिवसांपुरती, आधी २५० डॉलर आपले, मग ८० टक्के ते देणार, आणि आयुष्यभराची मर्यादा ५० हजार डॉलर. इथे घर करून राहणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही. सगळं बिल खिशातून भरलं आणि त्याच महिन्यात तिकडे कपातही झाली, हे मला अजून सहन होत नाही.

लगेच इथली पॉलिसी घेतली दोघांची. पासष्टीनंतर नवीन पॉलिसी मिळत नाही ही समजूत सोडा, २०२४ पासून नियम बदलले, जुन्या आजारांचा वेटिंग पिरियडही जास्तीत जास्त ३ वर्षं, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून हप्त्यावर जीएसटी नाही. ह्यांना थोडं लोडिंग (तब्येतीपायी जास्तीचा हप्ता) लावलं तरी अख्ख्या वर्षाचा हप्ता पार्ट बीच्या तीन महिन्यांच्या कपातीत बसला.

तेव्हा ठरलं होतं की पार्ट बी सोडायचा सीएमएस-१७६३ फॉर्म भरून दोघांचंही बंद करायचं. पण डिसेंबरात मुलीकडे न्यू जर्सीला गेलो आणि एका रात्री ह्यांच्या छातीत जड वाटायला लागलं. इमर्जन्सी, रक्ताच्या तपासण्या, इको, दुसऱ्या दिवशी कार्डिओलॉजिस्ट, सगळं त्याच कागदी कार्डावर. कुठे मंजुरीसाठी ताटकळणं नाही, डिपॉझिट नाही. २०२५ सालचे पहिले २५७ डॉलर आपले आणि वरच्या मंजूर रकमेचे २० टक्के, बस. हृदय ठीक निघालं देवाच्या कृपेने. तिथे ही सोय फार उत्तम आहे, हे मनापासून सांगते.

आता दंडाचं. पार्ट बी सोडलं तर न घेतलेल्या प्रत्येक पूर्ण १२ महिन्यांमागे हप्ता १० टक्क्यांनी वाढतो, जन्मभर. यालाच सगळे घाबरतात. पण कागदावर मांडून पाहा ना, एक वर्ष सोडलं की बारा हप्ते वाचतात आणि परत घेतल्यावर महिन्याला एका हप्त्याचा दहावा भाग जास्त जातो, म्हणजे वाचलेले पैसे फिटायला १२० महिने लागतात. हप्ता दरवर्षी वाढतो म्हणून थोडे कमी धरा. पाच वर्षं सोडलं काय आणि तीन सोडलं काय, हिशेब तोच.

खरी भीती वेगळीच आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. परत नाव नोंदवायची खिडकी फक्त १ जानेवारी ते ३१ मार्च. एप्रिलमध्ये आजारी होऊन तिकडे गेलात तर पुढच्या जानेवारीपर्यंत डॉक्टरचं, तपासण्यांचं सगळं स्वतःच्या पैशाने, आणि तिथले दर तुम्हाला माहीतच आहेत. परदेशात राहणाऱ्याला हप्ता थांबवून परत आल्यावर लगेच सुरू करता यायला हवं, आयुष्यभर कर भरलेल्या माणसांसाठी एवढं तर करा!

आमचं ठरलं ते असं: ह्यांचं चालू ठेवायचं, कारण तिकडच्या कार्डिओलॉजिस्टने दरवर्षी दाखवायला सांगितलंय. माझं बंद करतेय, फॉर्म भरून झालाय. पुढे मुलीकडे कायमचं जायचं झालं तर आधीच्या जानेवारी-मार्चमध्ये नागपुरातूनच नोंदणी करीन, नोंदणीच्या पुढच्या महिन्यापासून कव्हर सुरू होतं, आणि मगच तिकीट काढीन.