सीताबर्डीतील लॅपटॉप दुरुस्ती : काम चोख, पावती मागावी लागते

नागपुरातील सीताबर्डीच्या एका गल्लीतील दुकानात मी डेव्हुआन ही लिनक्स प्रणाली असलेला जुना लॅपटॉप नेला, तेव्हा तेथील मुलाने सेवा सुरू-बंद करणारी ‘सर्व्हिस’ ही कमांड चालते एवढ्यावरून यात सिस्टिमडी (संगणक चालू होताच बाकीच्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) नाही असे सांगून टाकले. निष्कर्ष बरोबर, पण आधार लंगडा, कारण डेव्हुआन जिच्यावरून बनली त्या, सिस्टिमडीवर चालणाऱ्या डेबियनमध्येही ती कमांड चालते. मालकांनी मात्र चालू प्रोसेसची माहिती देणाऱ्या ‘प्रॉक’ फोल्डरमधील १ क्रमांकाच्या, म्हणजे सर्वांत आधी सुरू होणाऱ्या प्रोसेसची ‘कॉम’ ही नावाची फाइल उघडून ‘सिस्टिमडी’ऐवजी ‘इनिट’ हे नाव दाखवले आणि ‘रन’ फोल्डरमध्ये सिस्टिमडीचे ‘सिस्टिम’ हे फोल्डर नसल्याचीही खात्री केली. नुसती ‘एसबिन’ फोल्डरमधील ‘इनिट’ ही फाइल पाहिल्यास फसगत होते, कारण अनेकदा ती सिस्टिमडीकडेच नेणारी सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल) असते. दोन दिवसांनी लॅपटॉप पंखा साफ करून मिळाला; पावती मात्र दोनदा मागावी लागली.