मल्टिरूम स्पीकरच्या नावाखाली जुना माल : पुण्यातील आमचा अनुभव

घरातील प्रत्येक खोलीत ज्याला हवे ते ऐकता यावे, आणि ठरवले तर सगळ्या खोल्यांत एकच गाणे एकाच वेळी वाजावे, यासाठी जी यंत्रणा बसवतात तिला मल्टिरूम म्हणतात. पुण्यातील आमच्या फ्लॅटचे नूतनीकरण चालू असताना अशी यंत्रणा बसवून देणाऱ्या एका व्यावसायिकाने सुमारे तीन लाख रुपये घेऊन वापरलेले अ‍ॅम्प्लिफायर (स्पीकरला आवाजाची ताकद पुरवणारी उपकरणे) नवे म्हणून दिले, तांब्याच्या दराने अ‍ॅल्युमिनियमची तार छतात घातली आणि चार झोनचे, म्हणजे गाणे आणि आवाज स्वतंत्रपणे ठरवता येणाऱ्या घराच्या चार भागांचे, पैसे घेऊन दोनच झोन करून दिले. हल्ली इंटिरियरच्या कोटेशनमध्येच ही यंत्रणा सुचवली जाते आणि घराच्या कामाच्या धबडग्यात तिची छाननी कुणी करत नाही. म्हणून हे सगळे तपशिलाने लिहीत आहे.

आमची गरज साधी होती. सासऱ्यांना सकाळी त्यांच्या खोलीत आकाशवाणी आणि नंतर नाट्यसंगीत लागते, स्वयंपाकघरात सासूबाईंना अभंग हवे असतात, मुलांचे ऐकणे निराळे, आणि गणपतीत आरतीच्या वेळी सगळ्या घरात एकच आवाज हवा. खोलीगणिक आवाज कमी-जास्त करता येणे ही यातली मुख्य अट होती आणि ती आम्ही पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगितली होती.

ही अट साध्या ब्लूटूथ स्पीकरने पुरी होत नाही. ब्लूटूथमध्ये फोन साधारणपणे एकाच स्पीकरशी जोडलेला असतो, भिंती आड आल्या की जोडणी तुटते आणि फोन आला की गाणे थांबते. खऱ्या मल्टिरूम यंत्रणेत प्रत्येक स्पीकर किंवा अ‍ॅम्प्लिफायर घरातील वाय-फायवर स्वतंत्रपणे असतो, गाणे नेटवर्कवरून घेतो आणि सगळी उपकरणे एका सामाईक घड्याळाशी जुळवून घेत असल्याने एका खोलीतून दुसरीत जाताना आवाज मागे-पुढे होत नाही. अ‍ॅपलने 2018 मध्ये आणलेले एअरप्ले 2 हे तंत्र याच कामासाठी आहे; सोनोस या स्पीकर कंपनीची स्वतःची पद्धत त्याहून जुनी आहे. छतात बसवलेल्या स्पीकरना स्वतःची बुद्धी नसते, ते नुसते वाजतात. सगळी करामत अ‍ॅम्प्लिफायरची असते. त्यामुळे जितके स्वतंत्र झोन हवेत तितकी स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर उपकरणे, किंवा तितके झोन असलेले एक मोठे उपकरण, लागतेच. हे गणित ग्राहकाला ठाऊक नसते, आणि फसवणूक नेमकी तिथून सुरू होते.

त्या गृहस्थांच्या शोरूममधील डेमो उत्तम होता. एका खोलीत शास्त्रीय गायन, दुसरीत बातम्या, फोनवर बोट फिरवताच सगळीकडे एकच बासरी. डेमोसाठी लावलेली उपकरणे नवी होती आणि चालू आवृत्तीची होती. मात्र हातात आलेल्या कोटेशनमध्ये लिहिले होते ते असे : ‘इम्पोर्टेड स्ट्रीमिंग अ‍ॅम्प, प्रीमियम’, ‘सीलिंग स्पीकर, पाच जोड्या’, ‘ऑक्सिजन-फ्री कॉपर केबल’, ‘चार झोन सेटअप’. अ‍ॅम्पपुढे मॉडेलचे नाव नाही, नग किती ते नाही, उत्पादनाचे वर्ष नाही. मॉडेलचे नाव विचारल्यावर ‘डेमोत पाहिलेच ना, तेच येणार’ असे उत्तर मिळाले. सत्तर टक्के रक्कम आगाऊ मागितली गेली आणि ती देताना एक भाग एका खासगी खात्यावर पाठवण्यास सांगण्यात आले.

दिवाणखान्यात दोन जोड्या, स्वयंपाकघरात एक, सासऱ्यांच्या खोलीत एक आणि आमच्या खोलीत एक, असे स्पीकर पीओपीच्या छतात बसले. अ‍ॅम्प्लिफायर मात्र वॉर्डरोबच्या माळ्यावरच्या कप्प्यात, जाळीच्या दारामागे गेले. ताबा देण्याच्या दिवशी त्या गृहस्थांच्या माणसाने स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या खात्यातून, सगळ्या घरात एक गाणे लावून दाखवले आणि उरलेली रक्कम घेऊन तो निघून गेला. खोल्यांत वेगवेगळी गाणी लावून दाखवण्याची विनंती आम्ही केली, तेव्हा ‘इंटरनेट स्थिरावले की अ‍ॅप आपोआप झोन ओळखेल’ असे त्याने सांगितले. असे काही आपोआप होत नसते.

सासऱ्यांनी आपल्या खोलीतील आवाज वाढवला की आमच्या खोलीतही वाढत असे, आणि दिवाणखान्यातील बातम्या स्वयंपाकघरातील अभंगांना हटवून वाजू लागत. गणपतीच्या आरतीला आवाज थोडा चढवताच दिवाणखाना आणि स्वयंपाकघर एकदम गप्प झाले आणि काही वेळाने आपोआप पुन्हा सुरू झाले. माळ्यावरचा कप्पा उघडून पाहिल्यावर उलगडा झाला. चार झोनसाठी तिथे दोनच अ‍ॅम्प्लिफायर होते. दिवाणखान्याच्या दोन आणि स्वयंपाकघराची एक अशा तीन जोड्या एकाच उपकरणाला समांतर जोडल्या होत्या. आठ ओहमचे तीन स्पीकर समांतर जोडले की एकूण रोध पावणेतीन ओहमच्या आसपास उतरतो, आणि हा आकडा जितका कमी तितका उपकरणावर ताण जास्त. घरगुती अ‍ॅम्प्लिफायर बहुधा खाली चार ओहमपर्यंतच पेलतात, म्हणून आवाज वाढताच संरक्षक यंत्रणा उपकरण बंद करत होती. यात दुरुस्तीने बरे होण्यासारखे काही नव्हते. आम्ही ज्याचे पैसे दिले ती वस्तूच तिथे नव्हती.

जी दोन उपकरणे होती, त्यांची पिन अमेरिकी पद्धतीची, चपट्या दोन पात्यांची होती आणि तिच्यावर फुटपाथवर मिळतो तसला कन्व्हर्टर चढवलेला होता. तळाच्या रबरी पायांभोवती जुनी धूळ चिकटून घट्ट झाली होती. उपकरण सोनोसचे होते, पण डेमोतले नव्हे, तर त्याच्या कितीतरी आधीच्या पिढीचे कनेक्ट अ‍ॅम्प. या प्रकरणात त्या कंपनीचा दोष नाही, पण तिचा इतिहास ठाऊक असता तर आमची फसवणूक लगेच उघडी पडली असती. 2020 च्या जानेवारीत सोनोसने आपल्या काही जुन्या उपकरणांना यापुढे नव्या सुधारणा मिळणार नाहीत असे जाहीर केले, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये अ‍ॅपचे दोन भाग झाले : जुन्या उपकरणांसाठी एस1, नव्यांसाठी एस2. जुने कनेक्ट अ‍ॅम्प फक्त एस1 वर चालते, आणि एस1 व एस2 ची उपकरणे एका यंत्रणेत एकत्र वाजत नाहीत. आम्ही मुलांच्या खोलीसाठी अधिकृत विक्रेत्याकडून त्याच कंपनीचा नवा स्पीकर आणला, तेव्हा तो उरलेल्या घराशी जुळेना, आणि संशयाचे रूपांतर खात्रीत झाले. अनुक्रमांक देऊन चौकशी केल्यावर वॉरंटी केव्हाच संपल्याचेही कळले.

गुगलने 2019 मध्ये क्रोमकास्ट ऑडिओ हे साध्या स्पीकरला वाय-फायवरून गाणी पुरवणारे छोटे उपकरण बंद केले, तेव्हाही अशीच चालू स्थितीतली जुनी उपकरणे बाजारात उरली. माझ्या मते या धंद्यातील सगळ्यात मोठी पळवाट हीच आहे. स्पीकर वीस वर्षे वाजू शकतो, पण त्याला जोडणारे सॉफ्टवेअर कंपनीच्या एका निर्णयाने मागे पडते. मागे पडलेले उपकरण परदेशात स्वस्तात मिळते आणि इथे ‘इम्पोर्टेड’ या शब्दाच्या आड नव्याच्या भावाने विकता येते. ज्याने ते विकत घेतले त्याला पहिल्या दिवशी काहीच खटकत नाही, कारण आवाज चांगलाच येतो.

तारेची गोष्ट आमच्या ओळखीच्या वायरमनमुळे कळली. आमच्या खोलीतील एक स्पीकर खाली उतरवून त्याने तारेचे टोक ब्लेडने खरवडले, आणि वरचा तांबूस थर जाताच आत पांढरीशुभ्र अ‍ॅल्युमिनियम दिसली. ‘ताई, वजनावरूनच कळतं हो. अख्खं बंडल आणलं असतं तर हातात धरताच मी सांगितलं असतं,’ असे तो म्हणाला, आणि ते खरेच आहे. तांब्याचा मुलामा दिलेली ही तार शुद्ध तांब्याच्या तारेपेक्षा निम्म्याहूनही हलकी असते. तिचा विद्युतरोध सुमारे दीडपट असतो. वीस मीटर अंतरावर जाऊन-येऊन दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध अर्ध्या ओहमच्या जवळपास भरतो, या तारेचा पाऊण ओहमच्या घरात जातो. कानाला हा फरक फार मोठा जाणवतो असे मी म्हणणार नाही. पण अ‍ॅल्युमिनियमचे सांधे सैल पडतात, टोके मोडतात, आणि ते सगळे पीओपीच्या वर, जिथे हात पोचत नाही तिथे घडते. शिवाय बिल तांब्याचे होते.

बिल असे तरी काय म्हणायचे? आम्हाला मिळाला तो लेटरहेडवर छापलेला ‘एस्टिमेट’चा कागद, त्यावर जीएसटी क्रमांक नव्हता. पक्के बिल मागितले की अठरा टक्के वर पडतील असे सांगून विषय टाळला गेला. फार मागे लागल्यावर भलत्याच नावाच्या दुकानाचे ‘इलेक्ट्रिक सामान व मजुरी’ असे बिल आले. महाराष्ट्रातील नोंदणीचा जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो आणि 27 ने सुरू होतो. तो जीएसटीच्या पोर्टलवर घातला की कुणाच्या नावावर आहे ते कुणालाही पाहता येते. उपकरणाच्या खोक्यावर आयातदाराचे नाव, पत्ता, महिना-वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असणे 2011 च्या वैधमापन नियमांनुसार आवश्यक आहे. आमची खोकी ‘कचरा नको’ म्हणून त्यांच्या माणसांनी त्याच दिवशी परत नेली होती. खोके आपल्याकडेच ठेवून घ्या, निदान त्याच्या सर्व बाजूंचे फोटो काढा.

2019 चा ग्राहक संरक्षण कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. जुनी किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून विकणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे, आणि बिल न देणे हीसुद्धा. आम्ही आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 या क्रमांकावर, तक्रार नोंदवली आणि नंतर वकिलांमार्फत नोटीस पाठवली. जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, तक्रार ऑनलाइन दाखल करता येते, मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. आमच्या बाजूने सगळ्यात उपयोगी ठरले ते व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषण. ‘डेमोत दाखवलेलेच मॉडेल येणार ना?’ या प्रश्नाला त्यांनी ‘हो मॅडम, शंभर टक्के’ असे लेखी उत्तर दिले होते.

असे काम ज्यांच्या घरी निघाले आहे त्यांनी कोटेशनवर प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरचे पूर्ण मॉडेल, नग आणि कोणता झोन कोणत्या उपकरणावर हे लिहून घ्यावे, आणि तसे लिहून देण्यास नकार देणाऱ्याकडे आगाऊ रक्कम देऊ नये. तारेचे बंडल छतात जाण्यापूर्वी आपल्या वायरमनला दाखवावे. पीओपी बंद होण्याआधी सगळ्या जोडण्यांचे फोटो आपल्याकडे असावेत. शेवटची रक्कम मात्र यंत्रणा आपल्या फोनवर, आपल्या खात्यात नोंदवून, प्रत्येक खोलीत वेगळे गाणे आणि वेगळा आवाज चालवून पाहिल्याशिवाय देऊ नये. आणि विक्रेत्याचा माणूस समोर असतानाच उपकरणाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर अनुक्रमांकाची वॉरंटी तपासावी.

नोटिशीनंतर त्या गृहस्थांनी दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर उचलून नेले आणि त्यांची किंमत परत केली. तारेचे आणि न दिलेल्या दोन झोनचे पैसे द्यायला ते तयार नाहीत, त्या रकमेसाठी आमची तक्रार आता आयोगापुढे आहे. छतातील स्पीकर अस्सल निघाल्याने ते तिथेच ठेवले आहेत. सासऱ्यांच्या खोलीपुरते एक नवे, पक्क्या बिलाचे अ‍ॅम्प्लिफायर आम्ही घेतले, आणि इतर खोल्यांचे काम छत उघडून तार बदलेपर्यंत थांबवले आहे.