फुटबॉलवर पहिली पैज: बुकमेकर की एक्स्चेंज?

इंग्लंडात नव्याने आलेल्या आणि शनिवारच्या सामन्यावर पाच-दहा पौंड लावून बघावेसे वाटणाऱ्या मित्रांचा प्रश्न ठरलेला असतो: खातं कुठे उघडू, बुकमेकरकडे (पैजा घेणाऱ्या कंपनीकडे) की एक्स्चेंजवर (जिथे खेळणारेच एकमेकांविरुद्ध पैज लावतात)? (भारतात राहणाऱ्यांसाठी हा प्रश्नच उरलेला नाही, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आहे.) परवाना दोघांनाही गॅम्बलिंग कमिशनचाच, म्हणजे तिथल्या जुगारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचाच, लागतो. मी दोन्हींकडे खेळलो आहे.

बुकमेकर सोपा, यात वाद नाही. भाव तो ठरवतो, तुम्ही घ्या किंवा सोडा. चार सामने जोडून अ‍ॅक्युम्युलेटर (चारही अंदाज बरोबर आले तरच पैसे) लावायचा असेल, किंवा लीग टूच्या (चौथ्या पातळीवरच्या) सामन्यात पहिला गोल कोण मारेल यावर दोन पौंड लावायचे असतील, तर तिथे क्षणात काम होतं. एक्स्चेंजवर अशा पैजेला समोर गिऱ्हाईक मिळणं कठीण. सुरुवातीला फ्री बेटही मिळते. तिच्यातला फक्त नफा हाती येतो, मूळ रक्कम नाही, एवढं ध्यानात ठेवा.

एक्स्चेंजवर समोर तुमच्यासारखाच कुणीतरी असतो. बेटफेअर २००० साली सुरू झालं आणि हा प्रकार रुळला. संघ जिंकेल म्हणून पैसे लावता येतात, त्याला बॅक म्हणतात. जिंकणार नाही असं वाटलं तर दुसऱ्याची पैज आपण खायची, ते ले. कंपनी फक्त नफ्यावर कमिशन घेते, साधारण २ ते ५ टक्के.

भावात फरक किती? समजा बुकमेकरचे भाव यजमान २.१० (म्हणजे जिंकलात तर एका पौंडाचे मुळासकट २.१०), बरोबरी ३.४०, पाहुणे ३.५० असे आहेत. प्रत्येकाने १०० ला भागून बेरीज केली की १०५.६ येते, वरचे साडेपाच त्याचे. त्याच यजमानांना एक्स्चेंजवर २.१८ मिळाला, तर २० पौंडांवर नफा २२ ऐवजी २३.६० होतो आणि ५ टक्के कमिशन कापून २२.४२ उरतो. म्हणजे ४२ पेन्सांचा फायदा. एवढ्यासाठी मी तरी जागा बदलली नसती.

बदलली ती वेगळ्याच कारणाने. शुक्रवारी भाव चांगला असतानाच पैज घ्यायची आणि सामना सुरू होईपर्यंत तो उतरलेला बघायचा, अशी माझी सवय. हंगाम बरा चालला होता. मग एका बुकमेकरकडे २० पौंड टाकले की पडद्यावर यायला लागलं: कमाल १ पौंड ४० पेन्स. विचारलं तर उत्तर मिळालं, हा व्यावसायिक निर्णय आहे, कारण सांगता येत नाही. हे कायद्यात बसतं, त्यांच्या अटींमध्येही लिहिलेलं असतं. पण त्याच आठवड्यात त्यांचीच ईमेल आली, अ‍ॅक्युम्युलेटरवर वाढीव भाव देतो म्हणून! हरणाऱ्याला पायघड्या आणि भाव ओळखणाऱ्याला बंद दार, हे मला अजिबात पटत नाही. २०१६ मध्ये लेस्टर सिटी प्रीमियर लीग जिंकली तेव्हा तिच्यावर ५०००/१ ने (एका पौंडाला पाच हजार नफा) लावलेल्यांना पैसे मिळाले, हे खरं. पण लॉटरीसारखी पैज कुठलाही बुकमेकर आनंदाने घेतो. साध्या सामन्यावर साध्या भावाने सातत्याने बरोबर येणारा माणूस त्याला नको असतो.

एक्स्चेंजला तुम्ही जिंकलात काय, दुसरा जिंकला काय, कमिशन मिळतंच. सातत्याने मोठा नफा काढणाऱ्यांकडून काही ठिकाणी जादा आकार घेतात, पण आपल्यासारख्यांना त्याची झळ लागत नाही. तुम्हाला महिन्यातून एखादा अ‍ॅक्युम्युलेटर मौजेखातर लावायचा असेल, तर मर्यादा बहुधा कधी आड येणार नाही आणि बुकमेकरच बरा पडेल. संघांची बातमी, दुखापती, भाव यांचा अभ्यास करायची हौस असेल, तर मात्र मी एक्स्चेंजकडेच बोट दाखवीन.

तिथे पहिले काही आठवडे फक्त बॅक करा, तेही प्रीमियर लीगच्या निकालावर. तिथे समोर पैसा भरपूर असतो. ले मध्ये ६.० च्या भावाने १० पौंडांची पैज खाल्ली आणि तो संघ जिंकला, तर तुमचे ५० जातात. कपच्या सामन्यात निकाल ९० मिनिटं आणि इंज्युरी टाइमपर्यंतचाच धरतात, एक्स्ट्रा टाइम नाही. क्रेडिट कार्ड २०२० पासून चालत नाही, ते बरंच आहे. आणि पैसे भरायच्या आधीच डिपॉझिटची मर्यादा घाला: कमी करायची असेल तर ती लगेच लागू होते, वाढवायची असेल तर थांबावं लागतं.