घरी करायचा ड्रग टेस्ट कप, ३ स्टार : आधी कागद वाचा, मग पोराशी बोला

न्यू जर्सीत राहतो आम्ही, पोरगा टेन्थ ग्रेडला, शाळेच्या टीममधून सॉकर खेळतो. खेळायचं तर सीझनच्या आधी रँडम ड्रग टेस्टच्या फॉर्मवर आमची सही लागते, २००२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून इथल्या सरकारी शाळांना खेळ, बँड कशातही असलेल्या मुलांची अशी टेस्ट घेता येते. सही केली आणि विसरले. दिवाळीच्या आठवड्यात त्याचं नाव निघालं आणि फोन आला, ओपिएट (अफूपासूनचं मॉर्फीन, कोडीनसारखं ड्रग) दिसतंय, लॅबचा दुसरा रिपोर्ट येईपर्यंत प्रॅक्टिस बंद. हातपायच गळाले माझे.

त्याच रात्री फार्मसीतून हा बारा पट्ट्यांचा, म्हणजे प्रत्येक ड्रगला वेगळी पट्टी असलेला, कप आणला. वापरायला सोपा आहे, लघवी घ्यायची, झाकण लावून पाच मिनिटं थांबायचं, बाजूला टेम्परेचरची पट्टी असते म्हणजे कोणी नळाचं पाणी घातलं तर कळतं. पण वाचायचा उलटा! प्रेग्नन्सी टेस्टमुळे आपल्याला सवय की रेघ आली म्हणजे पॉझिटिव्ह, इथे रेघ आली म्हणजे निगेटिव्ह, आणि पुसट आली तरी निगेटिव्हच. हे आतल्या कागदावर इतक्या बारीक अक्षरात आहे की मी वाचलंच नाही, गांजाच्या पट्टीवरची पुसट रेघ बघून पोराला रात्री अकराला नको नको ते बोलले. तो रडला. ते अजून जात नाही मनातून.

दुसऱ्या दिवशी एका नर्स मैत्रिणीने विचारलं, खसखस खाल्ली का त्याने? अनारसे!! सासूबाईंच्या हातचे, खसखशीवर थापलेले, डबा त्यानेच संपवला होता. खसखस अफूच्या बोंडातलीच, तिच्यात मॉर्फीन-कोडीनचा अंश येतो, आणि म्हणूनच इथे सरकारी नोकरीच्या टेस्टची ओपिएटची मर्यादा १९९८ मध्ये मिलीलीटरमागे ३०० वरून २००० नॅनोग्रॅमवर नेली. या कपात अजून ३०० च. मी स्वतः सहा अनारसे खाऊन सकाळी दुसऱ्या कपात टेस्ट केली, ओपिएटची रेघ आलीच नाही, म्हणजे पॉझिटिव्ह.

नऊ दिवसांनी लॅबच्या डॉक्टरांनी फोन करून काय खाल्लं ते विचारलं आणि प्रकरण मिटलं, पण दोन मॅच गेल्या त्याच्या आणि टीममधली मुलं काय बोलली ते तो मला अजून सांगत नाही. इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा, अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचा, शाळेतल्या रँडम टेस्टला विरोध का आहे ते मला आता कळतंय.

कप घेणारच असाल तर फेंटानिलची (प्रयोगशाळेत बनवलेलं, मॉर्फीनपेक्षा कितीतरी तीव्र ड्रग) वेगळी पट्टी आहे का बघा, यात नव्हती आणि साध्या ओपिएटच्या पट्टीवर ते सापडत नाही, मुलांचे जीव तर त्यानेच जातायत. आणि शाळेचा फॉर्म भरताना एडीएचडीची (लक्ष न लागण्याच्या त्रासावरची) गोळी, सर्दीचं औषध, खसखस सगळं लिहून द्या, कॉपी आपल्याकडे ठेवा.