नव्या प्लायच्या आत कुजलेली चौकट: जुन्या कॅरॅव्हॅनच्या नावाखाली ७,७३५ पौंडांना गंडवलं

इंग्लंडमध्ये जुनी कॅरॅव्हॅन (कारमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेऊन ती कुणाकडून तरी ‘रिस्टोअर’ करून घ्यायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी आधी हे वाचा आणि मगच कुणाच्या खात्यात पैसे टाका. माझे ७,७३५ पौंड गेले. पण पैशापेक्षा जास्त संताप दुसऱ्याच गोष्टीचा आहे. ती दुरुस्त करून देणाऱ्या माणसानं ब्रेकला हातही न लावता ‘सेफ टू टो’ (ओढायला सुरक्षित) असा कागद दिला, आणि त्या कागदावर विसंबून आम्ही दोन मुलांना कारच्या मागच्या सीटवर बसवून ती गाडी रस्त्यावर काढली.

कॅरॅव्हॅन १९७० च्या दशकातली स्प्राईट. एका वयस्कर जोडप्याकडून १,८५० पौंडांना घेतली. त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही. पुढच्या खिडकीखाली पाणी मुरतं हे त्यांनी आपणहून सांगितलं होतं. स्प्राईट म्हणजे एकेकाळी इकडच्या साध्या घरांची कॅरॅव्हॅन. न्यूमार्केटच्या कारखान्यात मोठ्या संख्येनं बनायच्या, वजनाला हलक्या, छोट्या कारलाही ओढता यायच्या. लाकडी चौकट आणि वर ॲल्युमिनियमचे पत्रे. ती बनवणारा मूळ उद्योगसमूह १९८२ मध्ये बुडाला, त्यामुळे कंपनीला फोन करून काही विचारायची सोय नाही. सुटे भाग, माहिती, सगळं जुन्या मालकांच्या आपसातल्या ओळखींवर चालतं. असले कारागीर शिरतात ते इथूनच.

त्यात १६ डिसेंबर २०२१ पासून इथले टोइंगचे, म्हणजे कारमागे काही ओढण्याचे, नियम सैल झाले. १९९७ नंतर कारची परीक्षा पास झालेल्यांनाही आता वेगळी परीक्षा न देता ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. माझ्यासारखे, आयुष्यात कधी काही न ओढलेले लोक एकदम गिऱ्हाईक झाले.

आम्हाला आमच्या कारागिराचं नाव एका ओळखीच्या मराठी कुटुंबाकडून कळलं. त्यांनी फक्त त्यानं केलेल्या कामाचे फोटो पाहिले होते, काम करून घेतलं नव्हतं. हे मला नंतर समजलं. ‘अमुककडे जा, चांगला आहे’ असं कुणी म्हणालं की पहिला प्रश्न हाच विचारा: तुम्ही स्वतः पैसे दिलेत का त्याला?

ठरलेली रक्कम ६,४०० पौंड. त्यात कुजलेली चौकट बदलणं, आतून नवीन प्लाय, कपाटं, वायरिंग आणि रंग. आधी २,५६० पौंड, ‘चौकट झाली’ म्हणाला तेव्हा १,९२०, आणि ताबा घेताना १,९२०. मध्येच फोन आला की चासी (खालचा लोखंडी सांगाडा) आणि ब्रेकचं काम निघालंय, त्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ देणार नाही. त्याचे १,१४५ पौंड वेगळे, दोन नव्या टायरांचे १९० वेगळे. तो इतकं काळजीनं बोलत होता की मला बरं वाटलं. ‘मॅडम, मुलं आहेत तुमची, ब्रेकमध्ये मी तडजोड करत नाही.’ हे त्याचे शब्द. मॅडम म्हणायचा मला, पण तांत्रिक बोलायचं झालं की माझ्या नवऱ्याकडे तोंड करून बोलायचा. पैसे माझ्या खात्यातून जात होते.

कार्डानं देते म्हटलं तर म्हणाला, मशीनला तीन टक्के जादा पडतील. मी वाचवायला गेले आणि बँकेतून ट्रान्सफर केली. १३ जानेवारी २०१८ पासून या देशात ग्राहकाकडून कार्डासाठी असा जादा आकार घेणं बेकायदा आहे. मी अकाउंट्समध्ये काम करते, पण आमच्या कंपनीत किरकोळ ग्राहक येत नाहीत, मला हा नियम कुठून माहीत असणार? आता कुणीही ‘कार्ड नको’ म्हणाला की मी उठून निघून जाईन. आणि तुम्ही निदान ॲडव्हान्सचे शंभर-दोनशे पौंड तरी क्रेडिट कार्डानेच द्या. १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट कायद्याच्या ७५ व्या कलमानुसार, वस्तूची किंवा कामाची किंमत १०० पौंडांच्या वर आणि ३०,००० पर्यंत असेल तर थोडीशी रक्कम कार्डावर असली तरी पूर्ण कामासाठी कार्ड कंपनीला जबाबदार धरता येतं. डेबिट कार्डाला हे लागू नाही.

आता तो क्षण. रात्री अजून डोळ्यासमोर येतो.

ताबा घ्यायला गेलो होतो. आतून कॅरॅव्हॅन सुंदर दिसत होती, नव्या लाकडाचा वास, फिकट हिरवी कपाटं. त्यानं ओल मोजायचा डॅम्प मीटर काढला आणि भिंतीवर ठिकठिकाणी टेकवून दाखवला. १० टक्के, ११ टक्के, ९ टक्के. पंधरा टक्क्यांपर्यंत ठीक असतं हे मी वाचून गेले होते, त्यामुळे मी मान डोलावली. मग पुढच्या खिडकीखाली, जिथे पूर्वी पाणी मुरायचं तिथे, मी सहज अंगठा दाबला. आणि तो आत गेला. फार नाही, दोन-तीन मिलिमीटर. पण लाकूड असं दबत नाही. हात सोडला तशी प्लाय हळूच परत वर आली. मी त्याच्याकडे पाहिलं. तो लगेच म्हणाला, ‘गोंद अजून सुकतोय, आठवड्यात टणक होईल.’ आणि नवऱ्याला हिच (कॅरॅव्हॅन कारला जोडायचा सांधा) दाखवायला बाहेर घेऊन गेला.

मी तिथेच थांबायला हवं होतं. कोपऱ्यातलं कपाट सोडवून मागे बघू दे म्हणायला हवं होतं. त्या वेळी शेवटचे १,९२० पौंड माझ्या हातात होते. पण मुलं पुढच्या बाकावर नाचत होती, संध्याकाळ होत आली होती, आणि समोरचा माणूस इतक्या सहजतेनं बोलत होता. नव्या प्लायवर टेकवलेला मीटर नव्या प्लायचाच आकडा दाखवणार. आतली चौकट त्यानं बदललीच नव्हती. कुजलेल्या लाकडावर नवीन प्लाय चिकटवली होती. हे मला त्या क्षणी सुचलं नाही, आणि सुचायला हवं होतं असं म्हणणाऱ्यांनी सांगावं, त्यांनी आयुष्यात किती कॅरॅव्हॅन उघडून पाहिल्यात.

टायर मात्र कुणालाही बघता येतात, ते बघाच. आमचे काळे कुळकुळीत चमकत होते. घरी आल्यावर ओल्या फडक्यानं पुसले तर फडकं काळं झालं, आणि खाली आकडा दिसला: ३११३. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ या अक्षरांपुढचे शेवटचे चार आकडे म्हणजे कितवा आठवडा आणि कोणतं वर्ष. २०१३ सालचे टायर, १९० पौंड. कॅरॅव्हॅनचे टायर उभ्या उभ्याच म्हातारे होतात. पाच वर्षांनी बदला, सातच्या पुढे नेऊच नका असं इथले जाणकार सांगतात. मी त्याला फोन केला. म्हणाला, दुकानदारानं मला फसवलं, बदलून देतो. दिले नाहीत.

डॉर्सेटला निघालो होतो. वाटेत कॅरॅव्हॅनची शेपटी दोन्ही बाजूंना हलायला लागली, नवऱ्यानं वेग कमी केला, आणि मग जळका वास आला. रस्त्याकडेच्या ले-बायमध्ये थांबलो तर डावं चाक धुरकटलं होतं, हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) जवळ हात नेता येईना. ब्रेकडाऊनचं कव्हर होतं, पण त्यात कॅरॅव्हॅन धरलेली नव्हती. रिकव्हरीचे ३१० पौंड. (तुमची पॉलिसी आज काढून वाचा. बहुतेक कार विम्यांत ओढत असताना फक्त समोरच्याचं नुकसान भरून मिळतं, कॅरॅव्हॅनचं नाही.)

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. १४० पौंड देऊन एका स्वतंत्र इंजिनिअरला बोलावलं. त्यानं चाकं काढली. डाव्या हबच्या नटला स्प्लिट पिन नव्हती. पिन म्हणजे वाकवलेल्या तारेचा तुकडा, किंमत काही पेन्स, पण ती नसेल तर नट फिरत फिरत सुटतो आणि चाक निघून जातं. बेअरिंगमधलं ग्रीस वाळून तपकिरी पापुद्रे झालेलं. ब्रेक शू जुनेच, ड्रमला घासून एका बाजूला झिजलेले. कॅरॅव्हॅनचे ब्रेक कसे लागतात ते इथे सांगते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं: कार थांबते, मागून कॅरॅव्हॅन ढकलते, तो धक्का हिचमधला दांडा आत दाबतो आणि त्यातून ब्रेक ओढले जातात. त्या दांड्याचा धक्का शोषणारा डॅम्पर मेलेला होता. हिच सुटली तर हँडब्रेक ओढणारी ब्रेकअवे केबल नुसती टो-बॉलवर (कारच्या मागच्या जोडणीच्या गोळ्यावर) अडकवून ठेवलेली, दुसरं टोक कशालाच बांधलेलं नाही.

आणि गॅस. जमिनीतल्या जाळ्या त्या कारागिरानं नव्या फ्लोअरिंगखाली बुजवून टाकल्या होत्या. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, तो बाहेर पडावा म्हणूनच त्या जाळ्या असतात. रबरी नळीवर छापलेलं वर्ष १९९६. त्यानं दिलेल्या कागदावर ‘गॅस टेस्टेड’ लिहिलं होतं, खाली सही, पण गॅस सेफ (गॅसचं काम करणाऱ्यांची अधिकृत यादी) नोंदणीचा क्रमांक नव्हता. हा क्रमांक ऑनलाइन फुकट तपासता येतो, आणि फिटरच्या ओळखपत्राच्या मागे कॅरॅव्हॅनच्या एलपीजीचं काम करायची परवानगी आहे का ते लिहिलेलं असतं. घरातला बॉयलर करणाऱ्या प्रत्येकाला ती नसते.

वजनाचं तर त्यानं पाहिलंच नव्हतं. जुन्या प्लेटवर वजन हंड्रेडवेटमध्ये असतं, एक हंड्रेडवेट म्हणजे ५०.८ किलो. आमच्या प्लेटवर सामानासकट कमाल १७, म्हणजे साधारण ८६४ किलो. वजनकाट्यावर नेली तर रिकामीच ९८० भरली. ती सुंदर हिरवी कपाटं जाड प्लायची होती आणि सगळी मागच्या टोकाला. मागे भार गेला की हिचवरचा दाब कमी होतो आणि शेपूट हलते. हिचवर एकूण वजनाच्या पाच ते सात टक्के भार हवा. तो भार मोजायचा साधा नोजवेट गेज मिळतो, तो घ्या.

लोक विचारतात, सर्टिफिकेट होतं ना? या देशात कॅरॅव्हॅनला एमओटी (गाडीची सक्तीची तपासणी) नाही. कारला तीन वर्षांनंतर दर वर्षी तपासणी, आणि पन्नास वर्षांच्या कॅरॅव्हॅनला काहीच नाही. १९९२ च्या आधीच्या गाड्या सहसा सीआरआयएसच्या (कॅरॅव्हॅनच्या मालकीची यादी) नोंदणीतही नसतात. ‘सेफ टू टो’ हा शब्द कुणीही कुठल्याही कागदावर छापू शकतो. पण रस्त्यावर पोलिसांनी धरलं तर जबाबदार ओढणारा: खराब टायर असेल तर एकेका टायरला २,५०० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर ३ पॉइंट. म्हणजे फसवणारा सुटला आणि गुन्हेगार माझा नवरा.

आता ज्यांच्याकडे दाद मागायची त्यांचं ऐका.

ग्राहक हेल्पलाइननं शांतपणे सांगितलं की आधी त्याला काम दुरुस्त करायची संधी द्या. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात तसं आहे, मान्य. पण ज्यानं पिन न लावता चाक बसवलं त्याच्याच हातात तीच गाडी परत देऊ? हे विचारलं तर पलीकडची बाई म्हणाली, मी फक्त माहिती देऊ शकते. कौन्सिलच्या ट्रेडिंग स्टँडर्ड्स खात्याशी (व्यापाऱ्यांवर लक्ष ठेवणारं) थेट बोलता येत नाही. हेल्पलाइन माहिती ‘पुढे पाठवते’. पुढे कुठे जाते, कोण वाचतं, कुणी वाचतं का, याचं उत्तर कुणी दिलं नाही. पोलिसांनी ऑनलाइन नोंदवायला सांगितलं. नोंदवलं, क्रमांक मिळाला, आणि मग पत्र आलं की तपास होणार नाही. मी फोटो जोडले होते, इंजिनिअरचा रिपोर्ट जोडला होता, लोकांचा जीव जाईल असं लिहिलं होतं. त्यावर एक ओळही नाही.

बँकेनं तर कहर केला. ७ ऑक्टोबर २०२४ पासून फसवून ट्रान्सफर करायला लावलेले पैसे ८५,००० पौंडांपर्यंत परत द्यायचा नियम आहे. माझी आशा त्यावर होती. उत्तर आलं: तुम्हाला वस्तू मिळाली आहे, हा फ्रॉड नाही, दिवाणी वाद आहे. टायर कुठे मिळाले? ब्रेक कुठे मिळाले? जे काम झालंच नाही त्याचे पैसे घेणं फ्रॉड नाही तर काय? त्यानं काहीच न देता पैसे घेऊन पळ काढला असता तर मला परत मिळाले असते. त्यानं रंग मारून जीवघेणी गाडी दिली म्हणून मिळणार नाहीत. हा न्याय मला अजून कुणी समजावून सांगितलेला नाही.

एकानं दुसऱ्याकडे बोट दाखवायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे, आणि प्रत्येकानं शेवटी ‘तुमचा अनुभव कसा होता’ म्हणून सर्व्हे पाठवायचा. सगळ्यांनी सभ्य भाषेत हात वर केले.

त्याला चौदा दिवसांची लेखी नोटीस दिली, उत्तर नाही. स्मॉल क्लेम्समध्ये (छोट्या दाव्यांच्या कोर्टात) १०,००० पौंडांपर्यंत दावा लावता येतो, फी ४५५ पौंड भरली. तेव्हा कंपनीज हाऊसच्या (कंपन्यांची सरकारी नोंदणी) साइटवर त्याची कंपनी पाहिली, हे बघायला पैसेही लागत नाहीत. ‘बारा वर्षांचा अनुभव’ सांगणाऱ्याची कंपनी जेमतेम वर्षभरापूर्वी काढलेली. त्याच्याच नावावर आधीची एक बंद झालेली. आणि हीसुद्धा यादीतून काढून टाकण्यासाठी त्यानं अर्ज केलाय. कंपनीच नाहीशी झाली तर निकाल माझ्या बाजूनं लागूनही वसूल कुणाकडून करायचं? मी हरकत नोंदवली आहे, ऑनलाइन नोंदवता येते, पुरावा जोडावा लागतो.

काम देण्याआधी कंपनी कधीची आहे ते बघा. शेवटचा हप्ता स्वतंत्र माणसानं चाकं काढून पाहिल्याशिवाय देऊ नका, कितीही घाई केली तरी. अप्रूव्हड वर्कशॉप स्कीममधले (कॅरॅव्हॅन दुरुस्तीच्या मान्यताप्राप्त वर्कशॉपांच्या योजनेतले) लोक आहेत, त्यांना विचारा जुन्या चासीवर हात आहे का. कामाचे फोटो तारखेसह आणि चासी क्रमांक दिसेल असे मागा. आम्हाला आलेल्या ब्रेकच्या फोटोतला हब आमच्या गाडीचा नव्हताच, इंजिनिअरनं एका नजरेत ओळखलं.

मिडलँड्समध्ये जुन्या कॅरॅव्हॅनचं काम कुणाला दिलं असेल आणि पैसे अडकले असतील, तर त्या कंपनीचं नाव आजच कंपनीज हाऊसवर टाकून बघा. बंद करण्याचा अर्ज आलेला दिसला तर मुदत संपायच्या आत हरकत घ्या. माझ्या हरकतीवर निर्णय अजून यायचाय, आणि कॅरॅव्हॅन चाकं काढलेल्या अवस्थेत आमच्या घरासमोरच्या ड्राइव्हवर उभी आहे. खऱ्या दुरुस्तीचा खर्च, फक्त चासी आणि ब्रेकचा, २,३०० पौंड सांगितलाय.